स्वयंपाकघराची फरशी परत परत उठते? आधी महिना आठवा

तीन वर्षांत आमच्या स्वयंपाकघराची फरशी तीनदा उठली. पहिल्यांदा मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, फ्रिजच्या समोर. आवाज असा झाला की आईला वाटलं कुकर उडाला. ओसरीतूनच ओरडली, "काय फुटनं रे?" आत जाऊन बघतो तर कुकर जागेवर, गॅस बंद, आणि मधल्या दोन फरश्या पत्त्यांच्या बंगल्याची पहिली दोन पानं टेकवावीत तशा एकमेकींना टेकून उभ्या. दुसऱ्यांदा पुढच्याच मे महिन्यात, तिथून हातभर अंतरावर. तिसऱ्यांदा ऑगस्टमध्ये, मोरीच्या बाजूच्या कोपऱ्यात. या वेळी आवाज नाही की काही नाही. आठ-दहा दिवसांत एक अख्खी रांग फुगत गेली आणि शेजारची खचली.

घर अमळनेरला, तळमजला, काळ्या जमिनीवर. आणि मी स्वतः बांधकामावर सुपरव्हायझर म्हणून पंधरा वर्षं काढलेला माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दर वेळी आम्ही केलं काय, तर उठलेल्या सहा फरश्या काढल्या, खाली माल टाकला, नव्या सहा बसवल्या. मिस्त्रीचं कारणही दर वेळी नवं. आधी फरशीचा लॉट खराब होता, मग यंदाचं ऊनच जास्त होतं, आणि तिसऱ्या वेळी त्याने हळूच विचारलं की वास्तुशांत नीट झाली होती ना. तोवर मलाही तेच वाटायला लागलं होतं. पण तिसऱ्या वेळी सगळं उकरलं आणि कळलं की आमच्या फरशीला आजार एक नव्हता, दोन होते. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, म्हणूनच ती बरी होत नव्हती.

कोणत्या महिन्यात उठली?

हल्ली कुणी फरशीचं रडगाणं घेऊन आलं की मी फोटो नंतर मागतो, आधी महिना विचारतो.

एप्रिल, मे, जूनचा पहिला आठवडा, दुपारची वेळ, मोठा आवाज, दोन फरश्या तंबूसारख्या उभ्या: हा फट न ठेवल्याचा आणि पकड नसल्याचा आजार. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे असाच आवाज झाला, तरी आजार हाच. थंडीतही फरशी उठते हे लोकांना पटत नाही. त्याचं गणित पुढे सांगतो.

जुलै ते ऑक्टोबर, आवाज नाही, जमीन हळूहळू वरखाली होतेय, भिंतीच्या कडेला खालच्या अंगाला केसाएवढी तिरकी चीर, दरवाजा घासायला लागलाय: हा जमिनीचा आजार. इथे जगातली सगळ्यात महागडी फरशी आणून बसवा, पुढच्या पावसाळ्यात तीही उठेल.

महिन्याशी काही संबंध नाही, एखाददुसऱ्या फरशीचा कोपरा तुटतो, तोही सिलिंडर ठेवतो तिथे किंवा पाटा मांडतो तिथे: खाली पोकळी आहे, एवढंच. घरगुती सिलिंडरात गॅसच १४.२ किलो असतो, लोखंड धरून भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो, आणि तो आपण कडेवर तिरका करून फिरवत नेतो. सगळं वजन दोन बोटांएवढ्या जागेवर येतं. खाली माल नसेल तर कोपरा जाणारच.

आणि बसवून सहा महिनेही झाले नसतील तर खालचा कोबा, म्हणजे सिमेंटचा थर, ओला असतानाच घाई केली होती का, हे स्वतःलाच विचारा. मुहूर्त, पाहुणे, लग्न, काहीतरी असतंच.

ठोकून बघणे

दहा रुपयांचं नाणं किंवा पेचकसाची मूठ घ्या आणि प्रत्येक फरशी पाच ठिकाणी वाजवा: चार कोपरे आणि मध्य. भरीव आवाज असेल तर सोडा, पोकळ वाजेल तिथे खडूने गोल काढा. हे काम आमच्याकडे आईने केलं. तिचा कान माझ्यापेक्षा तयार. मडकं वाजवून घेणाऱ्या पिढीचा. "अठे पोकय वाजस," करत तिने ३० फरश्यांपैकी १९ वर खडू ओढला. बसवून चार वर्षं झालेली, वरून चकाचक दिसणारी फरशी, आणि निम्म्याहून जास्त अधांतरी.

खडूचा नकाशा मग लांबून बघा. गोल कोपऱ्याकोपऱ्यात असतील तर माल ठिपक्या-ठिपक्यांनी टाकला होता, म्हणजे मध्ये एक गोळा आणि चार कोपऱ्यांना चार. गोल एका सरळ पट्ट्यात असतील तर ताण त्या रांगेत साठलाय. पुढचा तंबू तिथेच उभा राहणार. आणि सगळे गोल मोरीच्या किंवा बाहेरच्या भिंतीच्या अंगाला असतील तर पाण्याचा माग काढा.

एक सूचना. फरशी तंबूसारखी उठली असेल तर तिच्यावर हातोडा घालू नका. शेजारच्या फरश्या अजून दाबाखाली असतात. ठोका बसला की काचेसारखे कपचे उडतात. आधी त्या रांगेच्या टोकाचा एक सांधा कटरने कापून ताण मोकळा करायचा, डोळ्यांवर चष्मा घालायचा, मग काढायचं.

मे महिन्याचा आजार

बारा फुटांचं स्वयंपाकघर म्हणजे साधारण ३६६० मिलिमीटर. फरशी तापली की वाढते, पण फार नाही: २५ अंशांच्या फरकाला या लांबीत अर्धा ते पाऊण मिलिमीटर. एवढ्याने काय होणार, असं वाटतं. खरा खेळ खाली चालू असतो. सिमेंटचा कोबा वाळता वाळता आकसतो, आणि ते महिनोन्महिने चालतं. मीटरला अर्धा मिलिमीटर धरलं तरी बारा फुटांत पावणेदोन-दोन मिलिमीटर. म्हणजे फरशी वाढू बघते आणि तिच्या खालचा कोबा कमी होतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, हवेत ओल म्हणून नसते, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी घडतात.

थंडीचं कोडंही इथेच सुटतं. गारठ्याने फरशी आणि कोबा दोन्ही आकसतात, पण कोबा फरशीपेक्षा जास्त आकसतो. फरशीला जागा कमीच पडते.

आता ही दोन मिलिमीटर जास्तीची लांबी गेली कुठे? भिंतीला फरशी चिकटवून बसवलेली, दोन फरश्यांमध्ये फट शून्य. कारण 'सांधा दिसायला नको' असं आपणच मिस्त्रीला बजावलेलं असतं. मग ती लांबी सगळ्यात कमजोर सांध्यात जमा होते. दोन फुटी दोन फरश्या आहेत आणि दोन मिलिमीटर त्यांच्यात एकवटली, तर मधला सांधा किती वर जाईल? पायथागोरस लावून बघा: ३५ मिलिमीटर, सव्वा इंचाहून जास्त. मी हे कागदावर केलं तेव्हा माझाच विश्वास बसेना. आमच्याकडचा तंबू पट्टीने मोजला होता, तोही साधारण तेवढाच होता.

दुसरी निम्मी गोष्ट पकडीची. व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत काचेसारखी घट्ट भाजलेली फरशी पाणी पीत नाही. शोषण अर्ध्या टक्क्याच्याही आत. जुन्या मोझॅकला किंवा शहाबादीला सिमेंटची रबडी धरायची, कारण ती रबडी थोडी आत मुरायची. व्हिट्रिफाइडच्या पाठीत मुरायला जागाच नाही. कोरडा माल पसरायचा, वर सिमेंटचं पाणी ओतायचं, फरशी ठेवून रबरी हातोडीने ठोकायची, ही पद्धत दगडाच्या काळातली. मिस्त्रीची चूक एवढीच की फरशी बदलली आणि त्याने हात बदलला नाही. आमची उठलेली फरशी उलटी केली तर पाठ स्वच्छ, जणू काल खोक्यातून काढलेली. सिमेंटचा ठसासुद्धा नाही.

पाठीवर बोट फिरवा, पांढरी भुकटी लागते. भट्टीत फरशी रुळांना चिकटू नये म्हणून लावलेली असते ती. ओल्या फडक्याने पुसली नाही तर चिकटवण्याचा माल भुकटीला धरतो आणि भुकटी फरशीला सोडते. हे एक काम शंभरात नव्वद ठिकाणी मी कुणाला करताना पाहिलेलं नाही. आमच्या साइटवरसुद्धा नाही, खरं सांगायचं तर.

आजार फक्त हाच असेल आणि पोकळ फरश्या थोड्या असतील, तर सगळं उखडायची गरज नाही. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, काढा, भिंतीलगत चारी बाजूंनी कटरने दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट कापा. कापताना मलब्याने ती परत भरत नाही ना ते बघा, झाडून-ओढून साफ करा. आत फोमची दोरी दाबून वरून सिलिकॉन भरा, वर स्कर्टिंग अशी लावा की ती भिंतीला चिकटेल, फरशीला नाही. ओट्याच्या पायांपाशी आणि दाराच्या पट्टीपाशीही फट हवीच. तिथेच सगळे विसरतात. मग पोकळ फरश्या काढून चांगल्या टाइल-ॲडेसिव्हने परत बसवा. पण तिसरा हिस्सा पोकळ वाजत असेल तर डागडुजीत पैसे घालू नका. भोक पाडून इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा रासायनिक गोंद, सोडणारेही आता मिळतात. एकट्यादुकट्या फरशीला ते ठीक, तंबूवर मात्र तो उपाय नव्हे.

ऑगस्टचा आजार

आमची तिसरी वेळ ही. आणि इथे मी दोन दिवस सगळी चूक त्या फटीच्याच गणितात शोधत बसलो.

तापी-गिरणा-बोरीच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन कापसाला सोनं आणि घराला वैरी. बेसॉल्ट झिजून तयार झालेली ही माती, तिच्यातली चिकणमाती पाणी ओढून फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात त्या सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत. तीच माती घराखाली असली की आपल्याला भेग दिसत नाही, फरशी दिसते.

उकरल्यावर निघालं ते असं: जोत्यात दोन फूट भरण, आणि ते सगळं काळ्या मातीचं. पायाचा चर खणला त्यातलीच माती परत आत लोटलेली. मुरमाची ट्रॉली वाचली, माती फेकायचा खर्च वाचला. बांधकामाच्या वेळी मी नाशिकच्या साइटवर होतो, घरी कुणी बघायला नव्हतं, पुढे काय बोलायचं.

माती फुगणारी आहे का हे घरीच बघता येतं. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळा. दहा-दहा ग्रॅम मापून दोन मोजनळ्यांत घाला. एकात पाणी, दुसरीत रॉकेल, दोन्ही १०० मिलिलिटरपर्यंत. ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली उंची वजा रॉकेलमधली, भागिले रॉकेलमधली, गुणिले शंभर. हीच चाचणी भारतीय मानक आयएस २७२० च्या भाग ४० मध्ये आहे. उत्तर ५० टक्क्यांच्या वर गेलं तर माती फार फुगणारी. आमच्याकडे पाण्यात १८, रॉकेलमध्ये १०. म्हणजे ८० टक्के. मोजनळ्या भाच्याच्या कॉलेजातून आणल्या. रॉकेल मिळवायला मात्र जास्त फिरावं लागलं. शेवटी एका पेंटरकडे अर्धी बाटली निघाली.

आता माती फुगणारी असली तरी पाणी मिळाल्याशिवाय फुगत नाही, आणि घराखाली पाऊस पडत नाही. मग पाणी येतं कुठून? आमच्याकडे तीन ठिकाणांहून येत होतं. मोरीचा पाइप भिंतीबाहेर हातभर नेऊन उघडा सोडलेला, आणि तिथे आईची आळू, दोन केळी आणि कढीपत्ता. खानदेशात अर्ध्या घरांच्या मागे हेच चित्र असतं. सांडपाणी वाया जाऊ द्यायचं नाही ही चांगलीच सवय, पण ते पाणी पायाशीच मुरत होतं. दुसरं, पाण्याच्या फिल्टरची वाया जाणारी नळी ओट्याखाली जाळीपर्यंत पोचतच नव्हती, थेंब थेंब सांध्यात. तिसरं, घराभोवती पट्टा नाही. पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या मुळाशी.

म्हणूनच मोरीकडचा कोपरा वर आणि आतला भाग आहे तिथेच. ओली माती फुगली, कोरडी तशीच राहिली. सगळी जमीन सारखी वर आली असती तर कदाचित कळलंही नसतं.

उपाय बाहेरून सुरू करायचा. आधी पाणी तोडा. सांडपाण्याचा पाइप किमान दहा फूट लांब न्या. आळू तिकडे हलवा, केळ तिकडे लावा, आई दोन दिवस रुसते, मग विसरते. भिंतीला लागून तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा, उतार बाहेरच्या अंगाला, भिंतीशी सांधा डांबराने किंवा सीलंटने बंद. जमिनीखालून गेलेल्या नळाची शंका असेल तर रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी खडूने आखून ठेवा आणि सकाळी बघा.

एवढ्यावर एक पावसाळा थांबता आलं तर थांबा. काही घरांत पाणी तोडल्यावर हालचाल थांबते आणि नुसती फरशी बदलून भागतं. आमच्याकडे थांबायची सोय नव्हती, दिवाळीनंतर लग्न होतं. तेव्हा खणलं.

दहा बाय बाराची खोली, तीन फूट खाली. जुनं भरण पूर्ण काढलं आणि त्याखालची एक फूट मूळ जमीनही. हे करताना भिंतीच्या पायाच्या तळाखाली जायचं नाही, आणि जुनं दगड-विटांचं घर असेल तर आधी इंजिनिअरला दाखवूनच खणायचं. खोली दोन भागांत करायची, एकदम सगळी उघडी टाकायची नाही. मग तीन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस. धुमस मारणारा पोरगा विचारतो, साहेब बस का? धुमस आपटली की ती उडी मारून परत आली पाहिजे, रुतली नाही पाहिजे, तेव्हा बस. दाबून दोन फूट मुरूम, वर सहा इंच सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर चार इंच काँक्रीट. काळ्या जमिनीवर असा न फुगणारा, पण धरून राहणारा थर घालावा हे आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी कालव्यांच्या आणि इमारतींच्या संदर्भात मांडलं होतं. त्यात एक गोष्ट लोक चुकवतात: नुसती वाळू भरून भागत नाही. वाळूतून पाणी आरामात खालच्या मातीपर्यंत पोचतं आणि तिथे साठूनही राहतं. मुरूम चांगला, थोडा चिकट, पण हातात घेऊन भिजवला तर काळ्या मातीसारखा गुळगुळीत लागणार नाही असा.

काँक्रीटवर सात दिवस पाणी, आणि मग महिनाभर काही नाही. पाहुणे आले, बघून गेले, सासूबाईंनी विचारलं की काम पैशासाठी थांबलंय का. थांबलो. तो महिना काँक्रीटला आकसायला दिलेला असतो. शेवटी दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा काँक्रीटवर चारी कडा चिकटवून एक दिवस ठेवला. खाली घाम आला नाही, तेव्हा पुढचं काम.

मग फरशी कोणती घेतली

घरात तीन पक्ष. आईला जुनी शहाबादी हवी होती, बायकोला क्रीम रंगाची चकचकीत, आणि पुण्याच्या भावाला लाकडासारखी दिसणारी, पट्ट्या एकमेकींत अडकवायची क्लिकची.

शहाबादीबद्दल मला प्रेम आहे. कलबुर्गी जिल्ह्यातला हा दगड उन्हाळ्यात पायाला गार लागतो आणि पन्नास वर्षं टिकतो. पण तो चुनखडीचा दगड आहे. कोटा, कडप्पाही त्याच कुळातले. लिंबू सांडलं, चिंचेचं पाणी सांडलं की फिकट डाग खात जातो, आणि मोरी साफ करायला ॲसिड टाकलं की पाहायलाच नको. आमच्याकडे वरण-बट्टीवर लिंबू रोजचं. क्लिकची फरशी मी लगेच बाद केली. लाकडाच्या भुश्याची असेल तर पाण्याने फुगते; प्लास्टिकची असेल तर पाणी चालतं, पण आई शेवभाजीचं पातेलं गॅसवरून थेट जमिनीवर उतरवते आणि ते तिला या वयात कोण सांगणार.

चकचकीतवर वाद झाला. ओलं, त्यात फोडणीच्या तेलाचे तुषार, आणि सत्तरीची बाई. शेवटी मॅट, दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड, फिकट राखाडी, अंगात बारीक ठिपके असलेली. त्यावर पीठही दिसत नाही आणि तर्रीही. दुकानात घसरण्याचा आकडा विचारा, आर ९, आर १० असा लिहिलेला असतो. स्वयंपाकघराला मी आर १० च्या खाली जात नाही. आर ११ आणखी खरखरीत, पण पुसताना फडकं अडकतं. चार फुटी लांब फरशी लहान स्वयंपाकघरात घेऊ नका. लांब फरशी मध्यावर किंचित वाकलेली असतेच; दोन फरश्या तोंडाला तोंड लावून उजेडात धरा, दिसतं. त्या विटांसारख्या अर्ध्यावर सरकवून बसवल्या की एकीचं पोट दुसरीच्या टोकाशेजारी येतं आणि पायाला ठेच लागते.

सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे का ते गाडीतून उतरवतानाच बघा. दहा टक्के जास्त घ्या. गुजरातेतल्या मोरबीहून माल येतो तेव्हा एक बॅच संपली की तीच छटा परत मिळेल ही आशा सोडायची. पहिल्या दोन वेळच्या डागडुजीत आमच्या स्वयंपाकघरात तीन वेगवेगळे पांढरे रंग झाले होते.

जुन्या फरशीवरच नवी बसवायचा मोह असेल तर जुनी ठणठणीत भरीव हवी. आणि लक्षात घ्या, जमीन पाऊण इंच वर येते, म्हणजे ओटा तेवढाच खाली जातो, दार घासतं, आणि मोरीची जाळी खड्ड्यात राहते. उठणाऱ्या फरशीवर नवी बसवणं म्हणजे गळक्या छतावर रंग.

बसवायच्या दिवशी

टाइल-ॲडेसिव्हच्या पिशवीवर आयएस १५४७७ लिहिलेलं आणि व्हिट्रिफाइडसाठी चालतं असं स्पष्ट छापलेलं हवं. त्यात सिमेंट मिसळून 'वाढवू' देऊ नका. आमच्या १२० चौरस फुटांना २० किलोच्या चार पिशव्या लागल्या. पाण्याचं माप पिशवीवर असतं ते मगाने मोजून घ्या. मिस्त्रीला ते कमीपणाचं वाटतं, म्हणून मापाचा मग मीच हातात धरला. कालवलं की पाच मिनिटं तसंच ठेवून परत एकदा फिरवायचं.

दातेरी पत्र्याने एकाच दिशेत रेघा ओढायच्या, फरशीच्या पुसलेल्या पाठीलाही पातळ हात मारायचा, ठेवून किंचित मागेपुढे सरकवायची. दर दहा-बारा फरश्यांनी एक उचलून पाठ बघा. माल सगळीकडे लागलेला दिसला पाहिजे, कोपऱ्यांनाही. हे एकदा केलं की मिस्त्री उरलेला दिवस नीट काम करतो. पसरलेल्या मालाला साधारण वीस मिनिटांत साय धरते, आमच्याकडच्या हवेत त्याआधीच. म्हणून पंखा बंद, कूलर बंद, सकाळी सहाला सुरुवात आणि अकराला काम थांबवायचं. बोट लावून बघा. बोटाला माल चिकटला नाही तर तो खरवडून फेका, त्यावर फरशी ठेवू नका.

दोन फरश्यांत तीन मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे एक सूत. बायकोने फट बघितली आणि चेहरा पाडला. ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायचा माल, फरशीच्याच रंगाचं भरल्यावर ती रेघ शोधावी लागते. ग्राउट इपॉक्सीचं घ्या, महाग आहे, पण हळद धरत नाही. फक्त भरल्यावर लगेच, ओलं असतानाच, पुसून काढायचं. दुसऱ्या दिवसावर ठेवलं तर तो चिकट थर फरशीवरून निघत नाही. चोवीस तास फरशीवर कुणीही नाही, मांजरसुद्धा. आमचं गेलंच.

भिंतीलगतची दोन सूत फट आम्ही चारी बाजूंनी ठेवली, फोमची दोरी घातली, वर सिलिकॉन. त्यानंतर एक मे आणि एक पावसाळा गेला. खडूचा एकही गोल नाही. राहिलंय एकच. दारापाशी सिलिकॉन भरायच्या आधी पेंटर आला, आणि फट दिसली म्हणून त्याने ती मनापासून व्हाइट सिमेंटने गच्च भरून, वर पॉलिश मारून ठेवली. एप्रिल लागायच्या आत ते कोरून काढायचंय.